लाटेला नियम आहे, पुळणीला नाही

सर्फिंग शिकायला गेलं की पहिल्याच दिवशी पाण्यात नेतात असं मला वाटत होतं, पण तसं नाही, आधी वाळूत बसवून नियम सांगतात. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे म्हणून छोटंसं गाव आहे, मासेमारीचं आणि आता सर्फिंगचं, तिथे मी आणि माझा मावसभाऊ जुलैत आठ दिवस जाऊन आलो. शिकवणारा पोरगा असेल बावीस-तेवीसचा. त्याने बोटाने वाळूत लाट काढली, ती जिथून फुटायला लागते तिथे टिंब दिलं आणि म्हणाला, या टिंबाच्या सगळ्यात जवळ जो आहे लाट त्याची. तुझा बोर्ड कितीही महाग असू दे, तू कुठल्याही देशातून आलेला असू दे, तो उठला की तू थांबायचं. मध्येच घुसलास तर त्याला ड्रॉप इन म्हणतात आणि मग पाण्यात शिव्या पडतात, कधीकधी शिव्यांवर भागत नाही.

मला हे जाम आवडलं. ना पोलीस, ना पाटी, ना पावती, तरी कुठून कुठून आलेले पन्नास-साठ लोक पाण्यात बसून एकमेकांचा नंबर पाळतायत. (विरार लोकलच्या दरवाज्यातही असेच न लिहिलेले कायदे असतात, त्यामुळे मला पटकन कळलं.)

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, त्याच किनाऱ्यावर, हे बघितलं. तिकडे सहा वाजायच्या आधी उजाडतं. रात्रभर बाहेर असलेल्या फायबरच्या होड्या परत यायला लागतात. होडी उघड्या किनाऱ्याला लावणं काय असतं हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, लाटेच्या पाठीवर बसून जोरात वाळूवर यावं लागतं, अगदी शेवटच्या क्षणी मागचं मशीन वर उचलायचं नाहीतर पंखा वाळूत रुततो, आणि होडी टेकली की मागून दुसरी लाट येऊन तिला आडवी करायच्या आत आठ-दहा जणांनी खांदा लावून वर ढकलायची. म्हणजे होडीला नुसती होडीएवढी जागा पुरत नाही, समोर मोकळी पट्टी लागते. त्या सकाळी त्या पट्टीत एका हॉटेलच्या आरामखुर्च्या होत्या. चौदा, मी मोजल्या, निळ्या गाद्या घातलेल्या आणि भोवती दोर. रात्रीची पार्टी उशिरा संपली असणार, कोणी उचलल्या नव्हत्या. होडी थोडी बाहेरच थांबली, वरखाली होत. किनाऱ्यावरचे दोन म्हातारे पळत जाऊन खुर्च्या ओढायला लागले तर हॉटेलचा पोऱ्या डोळे चोळत आला आणि त्यांच्यावरच खेकसला. शेवटी होडी बरीच पुढे, जिथे वाळूला उतार जास्त आहे तिथे लावली, आणि ती वर घ्यायला दुप्पट वेळ गेला. मासे बेताचेच होते, दोन टोपल्या आणि वर एक बऱ्यापैकी सुरमई, सिंहलीत तिला थोरा म्हणतात. भांडण वगैरे काही झालं नाही. रोजचंच असावं.

तर पाण्यात त्या टिंबाजवळ आधीपासून कोण बसलंय हे बघतात आणि वाळूवर कागद कोणाकडे आहे हे बघतात, आणि हे दोन्ही करणारे लोक तेच, सकाळी लाटेवर नंबर पाळणारा दुपारी त्याच निळ्या गादीवर लोळत असतो (मीही लोळलो, खोटं कशाला बोलू). माझं म्हणणं एवढंच आहे की असल्या गावांचा पर्यटनाचा आराखडा काढताना होडी लावायची आणि जाळं ओढायची जागा ही नकाशावरची पहिली रेघ पाहिजे, कायद्याने नोंदलेली, आणि खुर्ची, शॅक, सर्फ स्कूल, योगाचा मांडव, सगळं तिच्यानंतर. हे अरुगम बे पुरतं म्हणत नाहीये मी, पण तिथलं आधी सांगतो कारण तिथे हा प्रश्न एकदम उघडा पडलेला आहे.

गावाचं नाव मोठं गोड आहे. तमिळमध्ये अरुगम म्हणजे दूर्वा. अरुगम्पुल्ल म्हणजे आपण गणपतीला वाहतो तीच, आणि कुडा म्हणजे उपसागर. दूर्वांचा उपसागर! हे कळल्यावर मावसभावाने लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं आणि आईचा पहिला प्रश्न, तिथे गणपतीचं देऊळ आहे का. कोलंबोपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, मोनरागलावरून खाली उतरत लाहुगलाच्या जंगलातून रस्ता येतो, तिथे संध्याकाळी हत्ती रस्त्यावर असतात म्हणून आमचा ड्रायव्हर घाई करत होता. जवळचं मोठं गाव पोतुविल. वस्ती तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांची बरीच, शिवाय सिंहली आणि तमिळ. आम्ही ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्यांना सगळे नाना म्हणायचे, म्हणून आम्हीही. मला वाटलं टोपणनाव आहे, नंतर कळलं की तिकडचे मुसलमान थोरल्या भावाला नाना म्हणतात. आपल्याकडे गल्लीत एक तरी नाना असतोच, त्यामुळे परकं वाटलंच नाही, ते मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, आणि सकाळी नारळाचा सांबोल आणि रोटी पुढे करून अजून घे अजून घे करत बसायचे अगदी आपल्यासारखं.

नाना आधी समुद्रावर जायचे. आता गुडघे गेलेत म्हणून दोन खोल्या काढल्यात, थोरला मुलगा होडीवर, धाकटा थ्रीव्हील चालवतो, त्याच्या टपावर बोर्ड बांधायला लोखंडी स्टँड केलेला आहे आणि तो गोऱ्या पोरांना व्हिस्की पॉइंट नाहीतर पीनट फार्म अशा सर्फिंगच्या जागी नेऊन सोडतो. म्हणजे एकाच घरात मासे, खोली आणि लाट तिन्हीचा पैसा येतो. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे असला विषय निघाला की लगेच दोन टोळ्या पडतात, एक म्हणते पर्यटनाने गावाचं वाटोळं केलं आणि दुसरी म्हणते मासेमारीत आता काय राहिलंय. नानांना विचाराल तर ते दोन्ही टोळ्यांना चहा पाजून परत पाठवतील.

पण अडचण कुठे येते बघा. दोन्ही धंद्यांना तीच वाळू, त्याच महिन्यांत लागते. आपला जो नैर्ऋत्य मोसमी पाऊस, तो चालू असताना श्रीलंकेचा पश्चिम आणि दक्षिण किनारा खवळलेला असतो आणि पूर्व किनारा त्या मानाने शांत, वारा जमिनीकडून समुद्राकडे. त्याच दिवसांत खाली दक्षिण महासागरात हिवाळ्याची वादळं असतात, तिथून निघालेली लाट हजारो किलोमीटर चालत येऊन अरुगमच्या खडकाळ टोकाला वळसा घालते आणि जमिनीकडच्या वाऱ्यामुळे तिची भिंत गुळगुळीत राहते. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर सर्फिंग. आणि अगदी याच कारणासाठी मासेमारीचाही सीझन तोच, इतकंच काय, नेगोंबो-चिलाव बाजूचे पश्चिम किनाऱ्यावरचे कोळीसुद्धा या दिवसांत पूर्वेला येऊन राहतात. म्हणजे थंडीत मासे आणि उन्हाळ्यात पर्यटक अशी वाटणी निसर्गानेच करून दिलेली नाही. जागा वाटायची तर माणसांनाच वाटावी लागणार.

आता वाटणी कशी होते ते २००४ नंतर दिसलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, श्रीलंकेत ३० हजारांवर माणसं गेली आणि त्यात सगळ्यात जास्त अंपारा जिल्ह्यात, म्हणजे अरुगम बे ज्या जिल्ह्यात आहे तिथे. नानांनी त्या दिवसाबद्दल स्वतःहून काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, भिंतीवर एक फोटो होता तेवढाच. त्यानंतर सरकारने समुद्रापासून काही अंतर बांधकाम करायचं नाही असा पट्टा जाहीर केला, दक्षिण-पश्चिमेला १०० मीटर, उत्तर-पूर्वेला २०० मीटर. कारण ऐकायला बरोबर, जीव वाचवायचे. पण ज्याचं झोपडं वाहून गेलं त्या कोळ्याला तिथे परत बांधायची बंदी आणि पर्यटनाच्या धंद्याला मात्र सवलत, असा तो प्रकार होता, म्हणजे लाट माणूस बघून येते की काय. २००५ मध्ये अरुगम बे साठी आराखडा आला, त्यात हेलिपॅड होतं, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांसाठी धक्का होता. होड्या ओढणाऱ्या माणसांच्या गावात! गावातले कोळी आणि छोटे गेस्टहाउसवालेसुद्धा विरोधात उभे राहिले, आणि वर्षभरात तो पट्टा सरकारला ढिला करावा लागला. हेलिपॅड काही झालं नाही. पण दरम्यान कित्येकांना आत, समुद्रापासून लांब घरं मिळाली होती, आणि समुद्रावर जाणाऱ्या माणसाचं घर लांब गेलं की काय होतं हे कोकणातल्या कोणालाही विचारा, रात्री होडीकडे लक्ष ठेवता येत नाही, वारा फिरला की पळत जाता येत नाही, बाईमाणसाला मासे वाळत घालायला जागा राहत नाही, आणि हळूहळू ती जागा रिकामी दिसायला लागते. रिकामी दिसली की कोणीतरी खुर्च्या मांडतोच.

थोडं दक्षिणेला पानमा आहे. तिथे तर त्सुनामीचाही बहाणा नव्हता, २०१० मध्ये साडेतीनशेच्या आसपास कुटुंबांना जमिनीवरून हुसकावलं, जागा लष्करी दलांनी घेतली आणि पुढे तिथे नौदलाचं रिसॉर्ट उभं राहिलं. पाच वर्षांनी मंत्रिमंडळाने बरीचशी जमीन परत द्यायचा निर्णय केला, आणि निर्णयानंतरही लोकांना भांडतच राहावं लागलं. हे जास्त लांबवत नाही.

तुम्ही म्हणाल हा सगळा सरकारचा दोष झाला, यात खुर्चीवर लोळणाऱ्याचा काय संबंध. संबंध असा की हॉटेलकडे किनाऱ्यालगतच्या जमिनीचे कागद असतात, आणि तिथून ते रोज वीत-वीत पुढे सरकतं, आधी झाडाला झोपाळा, मग दोन खुर्च्या, मग दोर, मग दोरावर फक्त गेस्टसाठी अशी पाटी. वाळू त्याच्या मालकीची नाहीच, ती सरकारी. पण कोळ्याकडे तर कुठलाच कागद नाही, त्याचा बाप इथे होडी लावायचा आणि आजा लावायचा एवढीच त्याची नोंद, आणि ही नोंद लोकांच्या डोक्यात असते, तीही फक्त गावच्या लोकांच्या. बाहेरून आलेल्याला दोर दिसतो, आजा दिसत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत दक्षिणेकडे उनावटुनाला परदेशी लोकांनी फक्त गोऱ्यांसाठी म्हणून पार्टीची जाहिरात केली होती, बोंबाबोंब झाली आणि ती रद्द करावी लागली. ते एवढं भडक होतं म्हणून बातमी झाली, चौदा निळ्या खुर्च्यांची बातमी होत नाही.

गंमत म्हणजे श्रीलंकेकडे याचं उत्तर आधीपासून आहे. आपल्या मालवणात जी रापण, म्हणजे होडीतून अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं, तीच तिकडे आहे, सिंहलीत मा-दॅल आणि तमिळमध्ये करैवलै, करै म्हणजे किनारा, वलै म्हणजे जाळं. पोतुविलच्या बाजूला एक दिवस आम्ही ओढायला लागलो, वीसेक माणसं दोरावर, दोन तास, तळहाताची सालं निघाली आणि शेवटी जाळ्यात आलं काय तर बारीक मासळी आणि एक चप्पल. (मावसभाऊ म्हणाला मालवणजवळ आपल्या देवबागला पण चप्पलच येते, फक्त दुसऱ्या पायाची.) तर ही रापण ओढायची जी जागा असते तिला तिकडे पाडू म्हणतात, आणि तिचा परवाना असतो, या जाळ्याची ही जागा असं कायद्याने ठरवता येतं, १९८४ पासून त्याचे वेगळे नियम आहेत. म्हणजे वाळूच्या एका तुकड्यावर मच्छीमाराचा हक्क कागदावर आणता येत नाही असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. आणता येतो, आणलेला आहे. तो होड्या लावायच्या जागेपर्यंत वाढवायचा आणि पर्यटन खात्याच्या नकाशावर तीच रेघ उमटवायची, एवढंच बाकी आहे. आणि हे एवढंच कोणाला करायचं नसतं.

यावर मावसभावाशी माझं दोन संध्याकाळ भांडण झालं आणि त्याचे मुद्दे हलके नव्हते. तो म्हणाला तू आयटीत बसून कोळ्याने कोळीच राहावं असं म्हणतोयस. पोरांना होडी नको आहे, मासळी कमी होतेय, डिझेल-केरोसीन परवडत नाही, आणि सर्फिंग शिकवून दीड तासात पोरगा जे कमावतो ते बापाला कधीकधी रात्रभरात मिळत नाही. हे खरं आहे. त्याने आणखी एक सांगितलं ते तर मला आधी माहीतच नव्हतं, अरुगम बे मध्ये बायकांचा सर्फ क्लब आहे, २०१८ मध्ये सुरू झालेला, श्रीलंकेतला पहिला. ज्या गावात मुलींनी लग्नानंतर समुद्रात उतरणं म्हणजे लोक काय म्हणतील, तिथे आयाबाया बोर्ड घेऊन पाण्यात. हे होडीने दिलं असतं का? नसतं दिलं. पर्यटनाने दिलं. मान्य.

पण यातून होडीची जागा गेली तरी चालेल असं कसं निघतं ते मला कळत नाही. उलट बघा. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी कोलंबोत आणि इतर ठिकाणी बॉम्बस्फोट झाले, सीझन बसला. २०२० ला कोविड. २०२२ ला देशच दिवाळखोरीत, पेट्रोलच्या रांगा. २०२४ च्या २३ ऑक्टोबरला अमेरिकी दूतावासाने इशारा काढला की अरुगम बे मध्ये हल्ल्याची शक्यता आहे, तिथे इस्रायली पर्यटक खूप येतात म्हणून, आणि इस्रायलने आपल्या लोकांना लगेच निघा सांगितलं. एका नोटिशीने गाव रिकामं होतं हो! धाकटा मुलगा सांगत होता की थ्रीव्हील नुसतं उभं होतं. त्या दिवसांत घरात काय शिजलं तर थोरल्याने आणलेलं. आता २०२२ मध्ये केरोसीन नव्हतं तेव्हा होड्यासुद्धा उभ्या होत्या, हे नानांनीच मला ऐकवलं, त्यामुळे मासेमारी म्हणजे अढळ काहीतरी असं मी म्हणत नाही. दोन पाय आहेत तर एक कशाला कापायचा, इतकं साधं आहे ते. पोराला होडी नको असेल तर तो सोडेल, त्याची मर्जी, पण जागाच गेली तर त्याला मर्जी राहत नाही, उद्या परत यायचं म्हटलं तरी येता येत नाही.

आणि मासेमारी नुसती शोभेला ठेवली तर काय होतं तेही त्याच देशात बघायला मिळतं. दक्षिणेला कोग्गला-वेलिगामाच्या बाजूला उथळ पाण्यात काठी रोवून त्यावर बसून मासे पकडणारे लोक असतात, श्रीलंकेच्या प्रत्येक पोस्टरवर असतात ते. आता त्यातले कित्येक फोटोसाठी बसतात, फोटोचे पैसे घेतात, गळाला मासा लागला काय न लागला काय. मी त्यांना हसत नाही, पोटासाठी आहे. पण पर्यटनाला कोळी हवाच असतो हे लक्षात घ्या, पोस्टरवर हवा असतो, सूर्योदयाच्या फोटोत होडी हवी असते, ताटात ताजी सुरमई हवी असते. फक्त सहा वाजता त्याने मशीनचा आवाज करू नये आणि मासळीचा वास आला की रिव्ह्यूत एक स्टार कमी.

आता आपल्याकडे येतो, कारण हे सगळं बघताना माझ्या डोळ्यासमोर तारकर्ली-देवबागच होतं, माझं आजोळ तिकडे. देवबागच्या संगमात जो वाळूचा दांडा आहे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीत तयार झाला असं सांगतात, आणि तिथे जेटस्की, बनाना राइड, सगळं चालतं. नानांना मी हे नाव सांगितलं नाही. सांगणार होतो, मग त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि राहू दिलं.

आपल्याकडे कायदे भरपूर आहेत. १९९१ ला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत काय बांधायचं काय नाही याचा नियम, आला, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन त्यात, आणि ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई. २०१९ च्या अधिसूचनेत जिथे लोकसंख्या दाट आहे, चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर, अशा गावांत ते २०० चं ५० मीटर झालं, आणि पुळणीवर भरतीच्या रेषेपासून १० मीटर सोडून पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयी, शॅक वगैरे, करायला वाट मिळाली. २०२० ला महाराष्ट्राने बीच शॅकचं धोरण आणलं, आठ किनारे निवडले, त्यात तारकर्ली, कुणकेश्वर, आरे-वारे, गुहागर, दिवेआगर आहेत. त्यात ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना असं होतं आणि त्याचं सगळीकडे कौतुक झालं. नोकऱ्या चांगल्याच आहेत. पण ज्या पुळणीवर माझ्या मामाची रापण लागते तिथे त्याच्या पोराला वेटरची नोकरी दिली म्हणजे मामाच्या जागेची भरपाई झाली असं धरून चालायचं, हा हिशोब मला कळत नाही. पगार हॉटेल बंद झालं की बंद. रापणीत कसं असतं, दोर ओढायला जो येईल त्याला वाटा, म्हातारा असू दे, विधवा बाई असू दे, दोराला हात लावला की दोन मासे तरी घरी जातात. हे कुठल्या टक्केवारीत धरणार?

गोव्यात १९७० च्या दशकात रापणकार रस्त्यावर आले होते, ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन सगळं ओरबाडतायत म्हणून, माथानी साल्ढाणांसारखे लोक पुढे होते, आणि त्या रेट्यातून १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा झाला, पाठोपाठ १९८१ ला महाराष्ट्राचा. त्या कायद्यांनी पाण्यात रेघ मारली, इथपासून आत मोठ्या यांत्रिक बोटी नाहीत. ती रेघ रोज मोडली जाते, पर्ससीनची मोठी घेरजाळी टाकणारे आणि एलईडी दिवे लावून मासे ओढणारे मोडतात, सगळं ठाऊक आहे, पण निदान रेघ आहे म्हणून बोट दाखवता येतं, तक्रार करता येते. वाळूवर रेघच नाही. जेटस्कीचा परवाना देताना, शॅकचा प्लॉट पाडताना इथे रापण लागते का, किती वाजता लागते, होड्या कुठून चढतात हे त्या गावच्या मच्छीमार सोसायटीला लेखी विचारलं पाहिजे आणि ती नाही म्हणाली तर नाही, माझ्या मते इतकं सरळ करता येईल. यात पर्यटन बंद करा असं कुठे आहे? किनारा काही किलोमीटर लांब असतो, होड्यांना त्यातले दोन-तीनशे मीटर लागतात. तेवढेच नेमके पर्यटनाला का हवे असतात तर तिथे वाळूचा उतार चांगला असतो, लाट सौम्य असते, कारण म्हाताऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून तीच जागा धरलेली असते.

परत आल्यावर दिवाळीत देवबागला गेलो तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं. करैवलै ऐकून तो खूश झाला, पाडूचं ऐकून त्याने दोनदा विचारलं, म्हणजे कागद देतत? मग आम्ही फोनवर किनाऱ्याच्या आराखड्याचा नकाशा उघडला, कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला, पीडीएफ, उघडायलाच पाच मिनिटं. त्यात भरतीची रेघ आहे, ५० मीटरची आहे, २०० ची आहे, रंग आहेत, खारफुटी हिरवी दाखवलीय. मामाने चष्मा लावून बोटाने मोठं करत करत आपली जागा शोधली, सुरूच्या झाडांच्या पुढची, जिथे त्याच्या तीन होड्या आत्ता या क्षणी लावलेल्या होत्या आणि खिडकीतून दिसत होत्या. तिथे नकाशात काही नव्हतं. पिवळसर रंग, वाळूचा. त्याने फोन मला परत दिला आणि म्हणाला, "मगे होडी खंय लावूची?"